मांजर, दवाखाना आणि बिल : कोल्हापुरातील एका पशुवैद्यकीय दवाखान्याचा तीन वर्षांचा अनुभव

आमच्या घरातील तीन मांजरांच्या निमित्ताने गेली तीन वर्षे मी कोल्हापुरातील एकाच खासगी पशुवैद्यकीय दवाखान्यात जात आहे. या काळात तिथे साधारण सतरा हजार रुपये दिले गेले. त्यातले आठशे निव्वळ घाबरल्यामुळे गेले, दोनेक हजार उशीर केल्यामुळे वाढले आणि उरलेल्यांबद्दल माझी काही तक्रार नाही. दवाखान्याचे नाव लिहीत नाही, कारण पुढे काही उणिवाही सांगायच्या आहेत आणि एका डॉक्टरवर चालणाऱ्या लहान दवाखान्याला त्यांचा अकारण त्रास होऊ नये. शिवाय हे वाचणाऱ्याला नावापेक्षा दुसऱ्याच गोष्टीची गरज असावी असे मला वाटते. मांजर आजारी दिसते, हातात महिनाअखेरचे पैसे आहेत, अशा वेळी आज जायचे की उद्यापर्यंत थांबायचे, हा तो प्रश्न.

आमच्या जिल्ह्यात जनावरांच्या डॉक्टरला मान आहे, पण तो म्हशीमुळे. सासूबाईंचे माहेर करवीर तालुक्यातले. तिथे म्हैस वैरण खाईना झाली की दूध संस्थेमार्फत डॉक्टरला निरोप जातो, आणि त्याचे पैसे कोणाला खटकत नाहीत, कारण म्हैस ते दुधातून फेडते. मांजर काहीच फेडत नाही. भुऱ्या नावाचा आमचा बोका तर गल्लीतूनच घरात शिरलेला, त्यामुळे त्याच्यासाठी दवाखाना ही कल्पना घरात कोणालाच सहज पटणारी नव्हती. सासूबाईंचे म्हणणे स्पष्ट होते, "मांजराला कोण दवाखान्यात नेतंय? मी सांगतो ऐक, दोन दिवस पडून ऱ्हाईल आनि आपोआप उठंल." हे म्हणणे अगदीच खोटे नाही. मांजरे अनेकदा आपोआप उठतात, आणि म्हणूनच जे मांजर उठणार नसते ते ओळखता येत नाही.

भुऱ्याची गोष्ट गेल्या वर्षीच्या जुलैमधली. पाऊस लागून राहिला होता, पंचगंगेची पातळी रोज वर्तमानपत्रात पाहिली जात होती आणि एरवी दिवसभर पत्र्यावर हिंडणारा हा बोका दोन आठवडे घरातच कोरडा खाऊ खात पडून होता. शनिवारी संध्याकाळी तो वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन बसला, उठला, पुन्हा बसला. तासाभरात सहा-सात वेळा असे झाले. पाठ कमानीसारखी वाकवून तो कुंथत होता. आम्हा सर्वांचे एकमत झाले, की त्याला शौचाला साफ होत नाही. मी त्याच्यापुढे दुधात चमचाभर तूप घालून ठेवले, त्याने ते हुंगलेही नाही. शनिवारी रात्री दवाखाना आठपर्यंत उघडा होता आणि तपासणीचे शुल्क तीनशे रुपये होते. मी घड्याळ पाहिले, पाकीट पाहिले आणि सकाळी बघू असे ठरवले.

रविवारी सकाळी त्याने दोनदा उलटी केली आणि तो धान्याच्या कोठीमागे जाऊन बसला. ओढून बाहेर काढताना असा ओरडला की शेजारच्या काकू दारात आल्या. त्यांनी चांगल्या मनानेच अर्धी क्रोसिन देण्याचा सल्ला दिला. आम्ही ती दिली नाही. यात आमचा शहाणपणा काही नव्हता, घरातली पट्टी संपली होती, एवढेच. क्रोसिनमधल्या पॅरासिटामॉलचा निचरा करणारी यकृतातली यंत्रणा मांजरात फार दुबळी असते, त्यामुळे माणसासाठी साधी असलेली एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. औषधाने रक्तातील तांबड्या पेशींची प्राणवायू वाहण्याची शक्ती जाते, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड सुजते. हे सर्व मला नंतर कळले. दवाखान्याच्या भिंतीवर याविषयी हाताने लिहिलेला कागद लावलेला आहे, पण तो कागद दवाखान्यात गेल्यावरच वाचता येतो, ही त्यातली अडचण.

अकराच्या सुमारास मी फोन केला. रविवारी डॉक्टर मॅडम घरी असतात, फोन मदतनीस उचलतात, त्यांना सर्व जण मामा म्हणतात. मी बद्धकोष्ठतेची कहाणी सांगायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी मला मध्येच थांबवून विचारले, "ताई, ट्रेमधली वाळू ओली हाय का बघा." मी फोन हातात धरून ट्रेपाशी गेले आणि बोटाने वाळू उकरली. शुक्रवारी रात्री मीच बदललेली ती वाळू सगळीकडे कोरडी ठणठणीत होती. एका कोपऱ्यात फक्त रुपयाएवढा गुलाबी डाग होता. मामा म्हणाले, "जेवून येतो म्हणू नका. आत्ता निघा. मॅडमना मी बोलावतो."

मला त्या दवाखान्याबद्दल एकच गोष्ट सांगायची परवानगी असती, तर मी हा फोनच सांगितला असता. तो एक प्रश्न विचारायला कोणतेही यंत्र लागत नाही, पैसेही लागत नाहीत. मात्र तो विचारायचा असतो हे मदतनीसालाही शिकवून ठेवलेले आहे, आणि दवाखाना कसा चालतो याचे याहून चांगले प्रमाणपत्र मला माहीत नाही.

बोक्याचा मूत्रमार्ग मादीच्या मानाने बराच लांब आणि टोकाशी फार अरुंद असतो. लघवीत बारीक खडे किंवा चिकट गुठळी तयार झाली की ती तिथे बुचासारखी बसते आणि लघवी तुंबते. मूत्राशय फुगत जाते, मूत्रपिंडांवर उलटा दाब येतो आणि जे पोटॅशियम लघवीवाटे बाहेर जायचे ते रक्तात साठत राहते. ते एका मर्यादेपलीकडे गेले की हृदयाचे ठोके मंदावतात, अनियमित होतात आणि बोका मरतो. पूर्ण अडथळा झाल्यावर हे सगळे एक-दोन दिवसांत घडू शकते. घरातच राहणारे, कमी हालचाल करणारे, कोरडे खाणारे आणि पाणी कमी पिणारे बोके यात जास्त सापडतात. पावसाळ्यातल्या भुऱ्याला यातले प्रत्येक विशेषण लागू होते. कुंथणारे मांजर पाहून माणसाला आधी बद्धकोष्ठता आठवते, कारण ती आपल्याला ठाऊक असते, पण कुंथणारा बोका समोर असेल तर आधी लघवीचाच संशय घ्यावा.

मंगळवार पेठेतून निघालो तेव्हा वाटेत बिंदू चौकाजवळ अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या गाड्यांची रविवारची रांग होती आणि पंधरा मिनिटांच्या वाटेला चाळीस मिनिटे लागली. तोपर्यंत आमच्याकडे मांजर नेण्याची टोपली नव्हती. भुऱ्याला उशीच्या अभ्र्यात घालताना त्याने ह्यांच्या अंगठ्याला दात लावले होते. त्याच्या रेबीजच्या लसीची तारीख उलटून चार महिने झाले होते, तीही मीच लांबणीवर टाकलेली. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन हे दुपारी सीपीआर या सरकारी रुग्णालयात गेले आणि पुढच्या सुयांच्या तारखा घेऊन आले. टोपली साताठशे रुपयांना मिळते. ती आजार येण्याआधी घ्यावी, एवढे त्या अंगठ्याकडे बघून सांगते.

तपासणीच्या टेबलावर मॅडमनी त्याच्या पोटाखाली हात घातला आणि मग माझा हात धरून तिथे ठेवला. आत लहान मोसंब्याएवढा घट्ट गोळा लागला. त्यांनी हिरडी दाबून सोडली आणि तिथला रंग परत यायला किती वेळ लागतो ते पाहिले, छातीचे ठोके मोजले, आणि मग उपचाराला हात लावण्याआधी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. रविवारची तातडीची तपासणी ८००, रक्ततपासणी १,४००, एक्स-रे ६००, भूल देऊन नळी घालणे ३,५००, भरतीचे दर दिवसाला ७००, औषधे वेगळी. कमीत कमी साडेआठ हजार, जास्तीत जास्त अकरा हजार, आणि यातून तो वाचेलच असे नाही, हेही त्यांनी त्याच सुरात सांगितले. प्रत्यक्ष बिल ९,६५० रुपये झाले. त्यातले पाच हजार त्या दिवशी घेतले आणि उरलेले दोन हप्त्यांत चालतील असे त्या स्वतःहून म्हणाल्या. पैसे कमी पडत असतील तर आधी सांगा, म्हणजे कोणती तपासणी सोडता येते आणि कोणती नाही हे मला ठरवता येईल, असेही त्या म्हणाल्या. एक्स-रे उद्या काढला तरी चालला असता, रक्ततपासणी मात्र नाही, कारण पोटॅशियम किती चढले आहे हे न पाहता भूल देणे धोक्याचे असते.

त्यांनी आधी सुईने थोडी लघवी काढून दाब कमी केला. सिरिंजमध्ये आलेले पाणी कोकमाच्या सारासारखे लाल होते आणि सिरिंज उभी धरल्यावर तळाशी रव्यासारखे कण बसले. नळी घालायला पाऊण तास लागला. भुऱ्या तीन दिवस सलाईनवर राहिला. शनिवारी रात्रीच आणला असता तर बहुधा एका दिवसात सोडता आला असता, असे मॅडम नंतर माझ्या विचारण्यावरून म्हणाल्या. तीनशे रुपये वाचवायला गेलेल्या माझ्या निर्णयाची किंमत मी घरी येऊन मांडली, ती एकोणीसशे निघाली. बोक्याच्या वेदना त्या हिशेबात धरलेल्या नाहीत.

यापूर्वी, पहिल्या वर्षी, मी याच्या नेमकी उलट चूक केली होती. चिंगी नावाची आमची तरुण भाटी एका रात्री लागोपाठ शिंकू लागली. नाकातून पाण्यासारखा स्राव येत होता. मी दहा वाजता तिला घेऊन दवाखान्यात हजर. त्या वेळी भुऱ्या घरात आलेला नव्हता आणि मांजराच्या आजाराची मला फार धास्ती होती. मॅडमनी तिला पाहिले आणि विचारले, संध्याकाळी जेवली का? जेवली होती. उलट माझ्या ताटातला सुकट पळवून जेवली होती. त्यांनी न्हाणीघरात गरम पाणी सोडून वाफेत दहा मिनिटे बसवायला सांगितले, खाणे सुटले किंवा स्राव पिवळा-हिरवा झाला तर परत या म्हणाल्या आणि औषध दिले नाही. रात्रीच्या तपासणीचे आठशे मात्र घेतले. तेव्हा मला ते लागले होते. डॉक्टरने काही दिलेच नाही तर पैसे कशाचे, असा आपल्याकडचा सरळ विचार. भुऱ्यानंतर मला उमगले, की तपासणीचे शुल्क हे मोठा खर्च करायचा की नाही हे ठरवून घेण्याचे शुल्क असते, आणि दिवसा वेळेत गेले तर ते तीनशेच असते.

त्या रात्री आणि नंतर वेळोवेळी मॅडमनी जे सांगितले त्यातून माझी घरची मोजपट्टी तयार झाली आहे. मांजर तोंड उघडून धापा टाकत असेल तर वेळ, वार आणि पैसा काहीही न पाहता निघायचे, कारण कुत्र्याप्रमाणे मांजर सहसा धापा टाकत नाही. शांत झोपलेल्या मांजराचे श्वास मिनिटाला तिसाच्या आत असावेत. ते चाळिसाच्या वर गेले आणि पुन्हा मोजूनही तेवढेच भरले तर फोन करायचा. मागचे पाय एकाएकी लुळे आणि गार पडले, हिरड्या पांढऱ्या किंवा निळसर दिसल्या, झटके आले, तर थांबण्यासारखे काही उरत नाही. दोरा किंवा मांजा गिळला असेल आणि त्याचे टोक बाहेर लोंबत असेल तर ते ओढायचे नाही, ओढल्याने आतडे कापले जाऊ शकते. एकदा उलटी करून पुन्हा खेळायला लागलेल्या मांजराला मी आता नेत नाही. केसांचा गोळा बाहेर पडला की काम झालेले असते. खाणे सुटण्याच्या बाबतीत मात्र मी कडक झाले आहे. मांजर, विशेषतः लठ्ठ मांजर, दोन-तीन दिवस उपाशी राहिले की अंगातली चरबी यकृतात साचू लागते आणि मूळ आजारापेक्षा हाच आजार जड होऊन बसतो. म्हणून मोठ्या मांजराने एक दिवस तोंड लावले नाही तर फोन आणि दुसऱ्या दिवशी दवाखाना. पिलाच्या बाबतीत एवढाही धीर नको. लस न झालेले पिलू उलट्या आणि जुलाबाने मलूल झाले असेल तर ते त्याच दिवशी न्यावे, कारण पॅनल्युकोपेनिया हा विषाणूचा आजार पिलांना फार झपाट्याने नेतो. दुखत असूनही मांजर घुरघुरते, हेही मला इथेच समजले. त्याआधी घुरघुर म्हणजे सुख, अशी माझी समजूत होती.

तिसरा प्रसंग मनीचा. ती सासूबाईंची, पंधरा वर्षांची, आमच्या लग्नाआधीपासून घरात असलेली. गेल्या दिवाळीनंतर ती पाणी फार पिऊ लागली आणि वजन तीन किलो आठशे ग्रॅमवरून दोन किलो तीनशेवर आले. रक्तात क्रिएटिनिन (मूत्रपिंडे बाहेर टाकतात तो कचरा) ७.२ निघाले, म्हणजे मूत्रपिंडे बहुतेक संपत आलेली. या वेळी मी भुऱ्याच्या धड्यावर चालून, लागेल तेवढा खर्च करू, शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात नेऊ, असे म्हणाले. मॅडमनी मला खाली बसवले. तीन दिवस सलाईन देऊन पाहू, आकडा खाली आला तर पुढचे बोलू, नाही आला तर महामार्गावरच्या काही तासांच्या प्रवासात म्हातारीला घालू नका, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. आकडा ५.८ वर येऊन थांबला. मग त्यांनी घरीच एक दिवसाआड कातडीखाली सलाईन कसे द्यायचे हे मामांकरवी शिकवले. खांद्यांमधली सैल कातडी तंबूसारखी उचलायची, सुई त्या घडीत घालायची आणि बाटली खिडकीच्या गजाला टांगायची. शंभर मिलिलिटर आत गेले की पाठीवर उंटासारखा उंचवटा येतो आणि काही तासांत जिरतो. हे घरी करायला आठवड्याला दीड-दोनशे रुपये पुरत. भरती ठेवून त्या यापेक्षा कितीतरी जास्त घेऊ शकल्या असत्या.

केव्हा थांबायचे, हेही त्यांनीच समजावले. कालनिर्णयवर रोज खूण करा म्हणाल्या. तिने स्वतःहून खाल्ले, अंग चाटले, उन्हात जाऊन बसली तर बरोबरची खूण, नाहीतर फुली. फुल्या जास्त होऊ लागल्या की मला फोन करा. ही खूण करण्याचे काम सासूबाईंनी कोणालाही करू दिले नाही. पहिले तीन आठवडे फुल्या तुरळक होत्या. एकेचाळिसाव्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारून कॅलेंडर दाखवले. आठवड्यात पाच फुल्या. "आता तिला तरास नको. तुझ्या मॅडमला फोन लाव," म्हणाल्या. मॅडम घरी आल्या, आधी भूल दिली आणि मग दुसरे इंजेक्शन दिले. मनी सासूबाईंच्या मांडीवर होती. घरी येण्याचे सहाशे रुपये त्यांनी सांगितले तेवढेच घेतले, ना कमी ना जास्त, आणि का कोण जाणे, मला तेच बरे वाटले.

आता उणिवा. कुत्री आणि मांजरे एकाच बाकावर वाट पाहतात. एका लॅब्राडोरने चिंगीच्या टोपलीत नाक खुपसल्यावर ती अर्धा तास फिसकारत होती आणि नंतर तपासणीत काही करू देईना. टोपलीवर जुने लुगडे किंवा चादर झाकून नेली तर बरेच शांतपणे होते, आणि गर्दी असेल तर मामा बाहेर रिक्षात थांबू देतात. भरती केलेल्या मांजरांसाठी वेगळी खोली नाही. सोनोग्राफी तिथे होत नाही, ती दुसरीकडे करून आणावी लागते आणि तिथले पैसे या हिशेबात धरलेले नसतात. रात्री साडेदहानंतर फोन लागेलच असे नाही. मनीच्या आजारात एकदा तो तीन वेळा वाजून बंद झाला आणि सकाळपर्यंत आम्हाला जीव मुठीत धरून बसावे लागले. एकट्या डॉक्टरने चोवीस तास जागे राहावे असे मी म्हणत नाही, पण रात्री कोणाकडे जावे याची एक ओळ दारावर लावता येईल. बिलावरची औषधांची नावे वाचता येत नाहीत, ती विचारून दुसऱ्या कागदावर लिहून घ्यावीत.

ज्यांना एवढे शुल्क झेपत नाही त्यांनी रेबीजची लस आणि जंताचे औषध यांसाठी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जाण्यास हरकत नाही. तिथे शुल्क नाममात्र असते. आम्ही चिंगीची लस तिथेच करतो. डॉक्टरांपुढे बहुधा शेळ्या, म्हशी असतात आणि मांजर घेऊन गेलेल्या बाईकडे लोक थोडे कौतुकाने बघतात, तेवढे सोसावे लागते. तुंबलेल्या बोक्याला मात्र मी आहे त्या दवाखान्यातच नेईन, आणि दर महिन्याला पाचशे रुपये डाळीच्या डब्यामागच्या जुन्या बरणीत टाकण्याची सवय आता घराला लागली आहे. सध्या तिच्यात साडेतीन हजार आहेत.

भुऱ्याचे खाणे आता ओले झाले आहे आणि घरात तीन ठिकाणी पाण्याच्या वाट्या आहेत, त्यांतली न्हाणीघरातली त्याला आवडते. एकदा तुंबलेला बोका पुन्हा तुंबण्याची शक्यता राहतेच, म्हणून पुढच्या सोमवारी त्याची लघवी तपासायला द्यायची आहे. त्यासाठी रविवारी रात्री ट्रेमधली वाळू काढून धुतलेले बारीक खडे पसरायचे, सकाळची लघवी सिरिंजने ओढून स्वच्छ डबीत भरायची आणि दवाखाना उघडताच मामांच्या हातात द्यायची आहे. वाळू ओली आहे की नाही, हे सासूबाई रोज सकाळी चहाआधी बघतात.